ग्राफिक कार्डाचा कस : लिनक्सवर आपणच लावून पाहा

सराफ सोने कसोटीवर घासून पाहतो. धान्याचा व्यापारी पोत्यात हात घालून तळाचे मूठभर दाणे वर काढतो. कापडवाला ताग्याचा पन्हा मोजतो, सुतार लाकडाची शीर आणि गाठ बघतो. आपापल्या धंद्यातला माल पारखण्याची ही विद्या आपण वाडवडिलांच्या हाताखाली शिकलो. पण हाच पारखी माणूस संगणकाच्या दुकानात शिरला की त्याची नजर बावरते. खोक्यावर छापलेला आकडा तो वाचतो, दुकानदार सांगेल ते ऐकतो आणि चाळीस-पन्नास हजार रुपये मोजून बाहेर पडतो. घेतलेली वस्तू आपल्या कामाची होती की नव्हती, हे त्याला सहा महिन्यांनी कळते.

ही वस्तू म्हणजे ग्राफिक कार्ड. संगणकावर खऱ्यासारखी दिसणारी चित्रे तयार करण्यासाठी ते लागते. त्याचा कस कसा लावावा, त्यासाठी लिनक्सवर कोणती फुकट साधने मिळतात आणि ती साधने कुठे फसवतात, हे या लेखात पाहू.

धंद्याशी याचा संबंध काय?

फर्निचर, दागिने, फरशी, लोखंडी ग्रिल, दुकानांची सजावट, या सर्व कामांत गिऱ्हाईक आता एकच गोष्ट मागते : "तयार झाल्यावर कसे दिसेल ते आधी दाखवा." पूर्वी आपण कागदावर पेन्सिलीने रेखाटन करत होतो. आता संगणकावर वस्तूचा आकार उभा करतात, त्यावर लाकडाचा किंवा पितळेचा पोत चढवतात, दिवे मांडतात आणि संगणकाला चित्र काढायला लावतात. या शेवटच्या कामाला रेंडरिंग म्हणतात.

हे किती पुढे गेले आहे याचे एक उदाहरण पाहा. स्वीडनमध्ये स्थापन झालेल्या आयकिया या फर्निचर कंपनीने २००६ साली 'बर्टिल' नावाच्या एका साध्या लाकडी खुर्चीचे चित्र संगणकावर तयार करून छापले. ती खुर्ची कॅमेऱ्यासमोर ठेवलीच नव्हती, आणि वाचणाऱ्यांना ते कळलेही नाही. २०१४ पर्यंत या कंपनीच्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश चित्रे अशा रीतीने तयार होऊ लागली होती. डिसेंबर २०२० मध्ये या कंपनीचे दुकान नवी मुंबईत उघडले. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाने तिची चित्रे पाहिली आहेत, तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आपल्या कारखान्यात येऊन उभे राहते.

सुदैवाने या कामाची हत्यारे विकत घ्यावी लागत नाहीत. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर हॉलंडच्या टॉन रूझेंडाल यांनी सुरू केले. ज्या कंपनीच्या हाती ते होते ती बंद पडली, तेव्हा २००२ साली लोकांकडून एक लाख युरो जमवून ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. तेव्हापासून ते फुकट आहे. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केली. तीही फुकट आहे. ही हत्यारे फुकट आहेत म्हणून हलकी आहेत असे नाही. १९९७ च्या 'टायटॅनिक' चित्रपटातील संगणकीय दृश्यांसाठी लिनक्सवर चालणारी शंभराहून अधिक यंत्रे राबत होती. लॅटव्हियाच्या 'फ्लो' या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, तो ब्लेंडरमध्ये तयार झाला आहे.

सॉफ्टवेअर फुकट, प्रणाली फुकट. मग पैसा कुठे जातो? तो कार्डात जातो. म्हणून पारखायचे आहे ते कार्ड.

चित्र खरे का वाटते?

पितळी तांब्या उन्हात ठेवून पाहा. एका जागी तो डोळे दिपवतो, दुसऱ्या जागी त्यात खिडकी वाकडी होऊन दिसते, आणि खालच्या फरशीवर पिवळसर उजेड पडतो. हे सारे उजेडाचे खेळ आहेत. संगणकाच्या चित्रात आकार बरोबर असला आणि उजेड चुकला, तर वस्तू प्लास्टिकची वाटते.

बसऱ्यात सुमारे ९६५ साली जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात हे मांडले की डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, तर वस्तूवरून निघालेला उजेड डोळ्यात येतो, म्हणून आपल्याला दिसते. निसर्गाचा नियम हाच आहे. संगणक मात्र हिशेब उलट्या बाजूने करतो. दिव्यातून निघालेल्या बहुतेक किरणांचा आपल्या डोळ्याशी संबंध येत नाही. त्यांचा हिशेब करणे म्हणजे फुकट मजुरी. म्हणून संगणक डोळ्यापासून निघतो. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यातून एक किरण मागे सोडतो, तो कोणत्या वस्तूवर आदळला, तिथून कुठे वळला, अखेर दिव्यापर्यंत पोहोचला का, हे मोजत जातो. वाट उलटी असली तरी उत्तर तेच येते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे टर्नर व्हिटेड यांनी या पद्धतीचा प्रसिद्ध निबंध १९८० मध्ये छापला. त्यातील चकचकीत गोळ्यांचे एक चित्र काढायला त्या काळच्या मोठ्या संगणकाला ७४ मिनिटे लागली होती. पुढे १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी उजेडाचा सगळा हिशेब एका समीकरणात बसवला. आजची खरी वाटणारी चित्रे त्याच पायावर उभी आहेत.

हा हिशेब किती मोठा असतो? साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी २५६ किरण सोडले, तर एका चित्रासाठी ५३ कोटींहून अधिक किरण होतात. शिवाय प्रत्येक किरण तीन-चार वेळा तरी उसळी घेतो. किरण कमी सोडले तर चित्रात वाळू टाकल्यासारखे कण दिसतात. आणि येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा : हे कण निम्मे करायचे असतील, तर किरण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. म्हणजे वेळही चौपट. कण पुसून काढणारी साधने आता ब्लेंडरमध्येच मिळतात. त्यांनी पुष्कळ वेळ वाचतो. पण फार कमी किरणांवर ती वापरली, तर लाकडाची बारीक शीरही कणांबरोबर पुसली जाते.

दुसरी पद्धत झटपट कामाची आहे. तीत किरणांचा माग काढत नाहीत. वस्तूचे बारीक त्रिकोण करून ते पडद्यावर रंगवतात, आणि सावली व प्रतिबिंब युक्तीने दाखवतात. संगणकावरचे खेळ मुख्यतः याच पद्धतीने चालतात, कारण तेथे सेकंदाला साठ चित्रे काढायची असतात. ब्लेंडरमध्ये दोन्ही पद्धती आहेत. किरणांच्या पद्धतीला सायकल्स म्हणतात, झटपट पद्धतीला ईव्ही. या दोन पद्धतींतला फरक पुढे कार्ड निवडताना कामी येणार आहे.

उस्ताद आणि कारागीर

संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे कारखान्यातले आठ-दहा उस्ताद. अवघड काम ते चोख करतात, पण त्यांची संख्या थोडी. ग्राफिक कार्ड म्हणजे हजारो कारागिरांची रांग. एकेकटा कारागीर साधे कामच करतो, पण सर्वजण एकाच वेळी एकाच नमुन्यावर हात चालवतात. लाखो ठिपक्यांचे एकसारखे काम अशा रांगेला उत्तम जमते.

दुसरी गोष्ट कार्डाच्या स्मृतीची. तिला कारागिरांसमोरचे मेज समजावे. वस्तूंचे आकार, लाकडाचे पोत, कापडाचे नमुने हे सारे त्या मेजावर मावले पाहिजे. मेज लहान पडले तर सामान मागच्या गोदामातून पुन्हा पुन्हा आणावे लागते आणि काम रेंगाळते, किंवा चित्र मध्येच बंद पडते. कारागीर कितीही चपळ असले तरी मेज लहान असेल तर उपयोग नाही. आणि खोक्यावरच्या जाहिरातीत कारागिरांचाच गाजावाजा अधिक असतो.

लिनक्सवर मिळणारे काटे

कार्डाची ताकद मोजण्यासाठी जे तयार दृश्य चालवतात, त्याला डेमो म्हणतात. त्यावरून निघणाऱ्या आकड्याला बेंचमार्क. सर्वांनी एकच वस्तू काढून पाहायची म्हणजे तुलना होते, ही पद्धत जुनी आहे. १९७५ मध्ये अमेरिकेच्या युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांनी घरातल्या चहाच्या किटलीचा आकार संगणकात उतरवला. तिचे पोट गोल, कान पोकळ, नळी वाकडी, आणि कानाची सावली पोटावरच पडते. म्हणून परीक्षेला ती उत्तम ठरली, आणि जगभरच्या लोकांनी आपापली पद्धत त्याच किटलीवर तपासली. आजचे डेमो म्हणजे त्या किटलीची नातवंडे.

लिनक्सवर मिळणारे मुख्य काटे असे :

ग्लक्सगिअर्स. पडद्यावर तीन रंगीत दातेरी चाके फिरतात. पुष्कळजण हाच आकडा अभिमानाने दाखवतात. हा काटा नव्हेच. पडद्यावर चित्र उमटते आहे, एवढीच खात्री यातून होते.

जीएलमार्क-२. साधी छोटी दृश्ये एकामागून एक चालवतो. जुन्या आणि लहान यंत्रांसाठी ठीक. आजच्या मोठ्या कार्डाला हे काम म्हणजे हत्तीच्या पाठीवर टोपली.

हेवन, व्हॅली आणि सुपरपोझिशन. हे तिन्ही डेमो युनिजिन या कंपनीचे. तिची सुरुवात रशियातील टॉम्स्क शहरात झाली. हेवन २००९ चे, व्हॅली २०१३ चे, सुपरपोझिशन २०१७ चे. तिन्हींची साधी आवृत्ती फुकट मिळते आणि ती लिनक्सवर चालते. हेवनमध्ये आकाशात तरंगणारे गाव आहे. त्यात एक कळ दाबून पाहावी : रस्त्याचे दगड आणि छपराची कौले क्षणात उठावदार होतात, पुन्हा दाबली की सपाट. रंगवलेली नक्षी आणि कोरलेली नक्षी यांत जो फरक, तोच हा. व्हॅलीमध्ये झाडांनी भरलेली विशाल दरी आहे, तर सुपरपोझिशनमध्ये बारीकसारीक वस्तूंनी भरलेली एका संशोधकाची खोली. लाकूड, काच, धातू असे सर्व पोत तेथे एकत्र पाहायला मिळतात.

हे तिन्ही झटपट पद्धतीचे काटे आहेत. कार्ड खेळांना कसे आहे, तापल्यावर टिकते का, हे यांतून उत्तम कळते.

ब्लेंडर बेंचमार्क. आपल्या कामाचा खरा काटा हा. यात सायकल्सच्या किरण पद्धतीने तीन ठरलेली दृश्ये काढली जातात : एक अक्राळविक्राळ प्राणी, एक भंगाराचे दुकान आणि एक शाळेचा वर्ग. एका मिनिटात कार्ड प्रत्येक ठिपक्यासाठी किती किरणांचे काम उरकू शकते, यावरून गुण मिळतात. लोकांनी पाठवलेले निकाल २०१८ पासून 'ब्लेंडर ओपन डेटा' या नावाने सर्वांसाठी खुले आहेत. म्हणजे दुकानात जाण्याआधीच मनात असलेल्या दोन-तीन कार्डांचे गुण घरी बसून ताडून पाहता येतात. मात्र ब्लेंडरची आवृत्ती बदलली की गुणही बदलतात. तुलना एकाच आवृत्तीच्या निकालांची करावी.

फिनिक्सच्या नावाशी जुळणारे 'फोरॉनिक्स टेस्ट सूट' हे मायकेल लॅराबेल यांचे साधन २००८ पासून मिळते. ते असे अनेक काटे ओळीने, ठरलेल्या रीतीने चालवते आणि निकाल लिहून ठेवते.

वजनातला पासंग

आता महत्त्वाची गोष्ट. काटा आहे म्हणून वजन बरोबरच असते असे नाही.

२००१ साली एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० या कार्डाचे प्रकरण गाजले. 'क्वेक ३' हा खेळ तेव्हा कार्डे मोजण्यासाठी सर्रास वापरला जाई. परीक्षकांनी त्या प्रोग्रामच्या नावातला 'क्वेक' शब्द बदलून 'क्वॅक' केला. फक्त नाव बदलले, आत काहीच नाही. तरी कार्डाचा वेग खाली आला आणि चित्र मात्र अधिक स्वच्छ झाले! कार्ड चालवणारा ड्रायव्हर नाव ओळखून चित्राचा दर्जा कमी करत होता आणि वेग वाढवून दाखवत होता. २००३ मध्ये '३डीमार्क ०३' या बेंचमार्कच्या बाबतीत एनव्हिडिया कंपनीवरही अशाच प्रकारचा आक्षेप घेतला गेला. ही दोन्ही प्रकरणे विंडोजवरची. तात्पर्य असे की निरीक्षक येणार हे ठाऊक असले की काट्याला पासंग लावण्याचा मोह मोठ्यांनाही होतो.

लिनक्समध्ये एक सोय आहे. एएमडी आणि इंटेल यांची कार्डे तेथे मेसा नावाच्या खुल्या ड्रायव्हरवर चालतात. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये त्याची सुरुवात केली. कोणत्या प्रोग्रामसाठी कोणती खास तडजोड केली आहे, हे त्यात एका साध्या यादीत नावानिशी लिहिलेले असते. युनिजिनच्या जुन्या डेमोंची नावेही त्या यादीत आहेत, ते नीट चालावेत म्हणून. वही उघडी आहे. ज्याला वाचता येते त्याने वाचावी.

पण पासंग नेहमी दुसराच लावतो असे नाही. पुष्कळदा तो आपल्याच अज्ञानाने लागतो. असे चार प्रकार लक्षात ठेवावेत :

एक. ड्रायव्हर नीट बसलेला नसतो. मग चित्राचे काम कार्ड करतच नाही, मुख्य प्रोसेसर करतो. तपासणीत कार्डाच्या नावाच्या जागी 'एलएलव्हीएमपाइप' असे नाव दिसले, तर समजावे की कारागीर रजेवर आहेत आणि उस्तादच झाडू मारत आहेत.

दोन. पडद्याचा लगाम. बहुतेक पडदे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतात आणि ड्रायव्हर कार्डालाही तिथेच रोखून धरतो. मग स्वस्त कार्डही साठ दाखवते आणि महागही साठच. मोजण्यापूर्वी हा लगाम सोडावा. त्याला व्ही-सिंक म्हणतात.

तीन. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक असतात, एक अंगचे आणि एक वेगळे कार्ड. लिनक्सवर डेमो अनेकदा अंगच्यावरच चालू होतो. कोणते चालले आहे ते डेमोच्या पडद्यावर लिहिलेले असते. ते वाचूनच आकडा टिपावा.

चार. ताप. थंड कार्ड पहिली दोन मिनिटे धावते, मग तापते आणि वेग उतरवते. आपले चित्र दोन मिनिटांत होत नाही. म्हणून दोन मिनिटांचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

पारख कशी करावी?

प्रथम एक बाहेरची डिस्क घ्यावी. तीवर लिनक्स, कार्डाचा ड्रायव्हर, ब्लेंडर आणि वरचे डेमो बसवून ठेवावेत. ही डिस्क बहुतेक संगणकांना लावून त्यांवरून लिनक्स चालू करता येते, आणि संगणकात जे आधीचे आहे त्याला हात लागत नाही. विंडोजमध्ये ही सोय इतकी सहज नाही. सराफाच्या खिशात कसोटीचा दगड असतो, तशी ही डिस्क आपल्या खिशात असावी.

ड्रायव्हरच्या बाबतीत एवढे ध्यानात ठेवावे : डेमो चालण्यासाठी एएमडी आणि इंटेल कार्डांचे ड्रायव्हर लिनक्सबरोबरच येतात, एनव्हिडियाचा बहुधा वेगळा बसवावा लागतो. ब्लेंडरच्या किरण पद्धतीसाठी एनव्हिडियाला कूडा किंवा ऑप्टिक्स, एएमडीला हिप आणि इंटेलला वनएपीआय ही जोड लागते. आपण घेत असलेल्या कार्डाला ब्लेंडर ही जोड देते की नाही, हे ब्लेंडरच्या यादीत आधी पाहावे. खेळांत उत्तम ठरलेले एखादे जुने कार्ड येथे चालतच नाही, असेही होते.

मग सुपरपोझिशन एका ठरलेल्या दर्जावर चालवावे. प्रत्येक कार्डासाठी दर्जा तोच, पडद्याचे माप तेच. निकालात तीन वेग मिळतात : किमान, सरासरी आणि कमाल. जाहिरातीत कमाल असतो, आपण किमान पाहावा. परीक्षा तीनदा घ्यावी. तीन आकडे जवळजवळ आले तर काटा स्थिर आहे असे समजावे. आकडे दर वेळी उतरत गेले तर कार्ड तापते आहे, किंवा डब्यात हवा खेळत नाही.

त्यानंतर ब्लेंडर बेंचमार्क चालवून ओपन डेटातल्या त्याच कार्डाच्या गुणांशी ताडून पाहावे. बराच फरक पडला तर कारण शोधल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि शेवटी सर्वांत मोठी परीक्षा : आपले स्वतःचे एक चित्र न्यावे. मागच्या महिन्यात काढलेले कपाट, ग्रिल किंवा हार, जे काही आपले नेहमीचे काम असेल ते. आपल्या जुन्या यंत्रावर त्याला किती मिनिटे लागतात ते घरी मोजून ठेवावे आणि नव्या कार्डावर पुन्हा मोजावे. दुसऱ्याच्या दृश्यातला प्राणी आपल्याला विकायचा नाही, आपल्याला कपाट विकायचे आहे. काटा दुसऱ्याचा असला तरी माल आपलाच ठेवून तोलावा.

जुने कार्ड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाने ग्राफिक कार्डांवर चालणारी आपली खाणकामाची पद्धत बंद केली. त्यासाठी रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. जुने कार्ड घेणे चूक नाही, पण तपासून घ्यावे.

सुपरपोझिशन किंवा हेवन अर्धा तास चालू ठेवावे. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन किंवा फाटलेले आकार दिसले तर कार्डाची स्मृती किंवा चिप दुखावलेली आहे. पंख्याचा आवाज ऐकावा आणि तापमान पाहावे. लिनक्सला कार्डाचे नाव आणि स्मृती विचारावी आणि ती विकणाऱ्याच्या शब्दाशी ताडून पाहावी. जुन्या कार्डावर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याचे प्रकार घडलेले आहेत. अशा वेळी नाव खोटे बोलते, पण ब्लेंडरचे गुण खोटे बोलत नाहीत. जो विकणारा अर्धा तास परीक्षा घेऊ देत नाही, त्याचा माल तेथेच ठेवून यावे.

कार्ड घ्यावे की न घ्यावे?

आता हिशेबाची वही उघडू. समजा, आपल्या यंत्रावर एका चित्राला २४ मिनिटे लागतात आणि ४० हजारांच्या नव्या कार्डावर ८ मिनिटे. प्रत्येक चित्रामागे १६ मिनिटे वाचली. दिवसाला पाच चित्रे धरली तर ८० मिनिटे. ऐकायला मोठे वाटते.

पण एक प्रश्न विचारावा : ही ८० मिनिटे कोणाची वाचली? आपली की यंत्राची? पाच चित्रांना मिळून दोन तास लागतात. दुकान बंद करताना ती यंत्राला लावून दिली, तर सकाळी तयार मिळतात. यंत्र रात्री मजुरी मागत नाही. २५० वॅटचे कार्ड चार तास चालले तर त्याला एक युनिट वीज लागते, एवढाच त्याचा खर्च. ज्याचे काम असे रात्री होऊ शकते, त्याला ४० हजारांच्या कार्डाने काहीच मिळवून दिले नाही. त्या पैशात त्याने चांगले लाकूड भरावे.

याउलट, गिऱ्हाईक समोर बसले आहे, "हा रंग नको, तो दाखवा, दिवा इकडे घ्या" म्हणते आहे आणि प्रत्येक बदलाला आपण पाच मिनिटे त्याचे तोंड पाहत बसतो, तर ते गिऱ्हाईक उठून जाईल. तिथे वेगवान कार्ड आपली किंमत भरून काढते. मात्र असे दाखवण्याचे काम ईव्हीच्या झटपट पद्धतीने बरेचसे भागते, आणि त्याला मध्यम कार्डही पुरते. म्हणून आधी आपले काम कोणते ते ठरवावे. गिऱ्हाइकासमोर झटपट दाखवायचे असेल तर सुपरपोझिशनसारख्या डेमोचे आकडे बघावेत. कॅटलॉगसाठी पुष्कळ स्वच्छ चित्रे रोज हवी असतील तर ब्लेंडरचे गुण बघावेत. आणि चित्रे जड असतील, खोलीभर सामान आणि मोठे पोत असतील, तर दोन्हींच्या आधी स्मृती बघावी.

ज्याच्याजवळ कार्डच नाही त्यानेही थांबू नये. ब्लेंडरची सायकल्स पद्धत मुख्य प्रोसेसरवरही चालते. वेळ अधिक लागतो, पण चित्र तेच येते. आधी सहा महिने असे काम करून पाहावे. गिऱ्हाइके चित्र पाहून काम देतात असे दिसले, तर कार्डाचे पैसे त्याच कामातून उभे राहतील.

चित्र आणि माल

शेवटी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. हे चित्र इतके खरे दिसते की गिऱ्हाईक त्यालाच नमुना समजते. चित्रात सागवानाची शीर दाखवली आणि प्रत्यक्षात प्लायवर कागद चिकटवला, तर तो फसवणुकीचाच सौदा झाला, मग चित्र कितीही सुंदर असो. म्हणून ज्या लाकडाचा, ज्या दगडाचा पोत चित्रावर चढवायचा, त्याचा फोटो आपल्याच गोदामातल्या मालाचा काढावा. चित्राखाली 'हे चित्र संगणकावर तयार केले आहे' असे स्वच्छ लिहावे आणि खऱ्या मालाचा एक तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा.

कार्ड घेताना आपण गिऱ्हाईक असतो आणि कपाट विकताना दुकानदार. पहिल्या वेळी काटा खरा असावा अशी आपली अपेक्षा असते. दुसऱ्या वेळी तीच अपेक्षा समोरच्याची असते.